रीजनरेटिव्ह ब्रेकिंग

गाडी थांबवताना किंवा उतारावर आवरून धरताना वाया जाणाऱ्या ऊर्जेची पुन्हा वीज करण्याची पद्धत. मराठीत तिला पुनर्जनन ब्रेक म्हणता येईल. विजेने मोटर फिरते आणि मोटरमुळे चाक. पण उतारावर चाकच मोटरला फिरवू लागले की तीच मोटर जनित्र होते आणि वीज निर्माण करता करता चाकाला मागे ओढते. हा ओढा म्हणजेच ब्रेक. बेळगाव जिल्ह्याला यामागचे तत्त्व जुने आहे. गोकाकच्या धबधब्यावर फार पूर्वीच वीज तयार झाली, ती उंचावरून पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर. इथे पाण्याच्या जागी गाडी असते, एवढेच.

रेल्वेत

या ब्रेकचे मोल कळते ते घाटात. खानापूर तालुक्यातल्या लोंढा जंक्शनवरून गोव्याकडे जाणारा लोहमार्ग कॅसल रॉकनंतर सह्याद्री उतरतो. कॅसल रॉक ते कुळे या घाटात दर ३७ मीटरला एक मीटर असा तीव्र उतार आहे. चढताना मालगाडीला मागून ढकलायला जादा इंजिने, म्हणजे बँकर, जोडावी लागतात, ती यामुळेच. चढताना खर्ची पडलेली ही ताकद उतरणाऱ्या गाडीच्या अंगात साठलेली असते. हजार टनांची गाडी १०० मीटर खाली आली की सुमारे २७० युनिट ऊर्जा मोकळी होते. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराला ती अडीच महिने पुरावी. यंत्रांतली आणि तारांतली गळती वजा करूनही त्यातला बराच भाग हाती येऊ शकतो.

डिझेल इंजिनाच्या डायनॅमिक ब्रेकमध्येसुद्धा मोटरचे जनित्र होते, पण ती वीज घ्यायला कोणी नसते. मग ती इंजिनावरच्या रोधांत, म्हणजे विजेची उष्णता करणाऱ्या रेझिस्टरांत, जाळायची आणि पंख्याने ती धग बाहेर टाकायची. या घाटात वर्षानुवर्षे असेच चालत आले, आणि तेही एवढ्या दाट जंगलात. डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार असली की हिशेब बदलतो. थ्री-फेज मोटरच्या विद्युत इंजिनातला कन्व्हर्टर, म्हणजे विजेचे रूप बदलणारे यंत्र, वीज तारेत परत सोडतो. जवळपास दुसरी गाडी चढत असेल तर ती ही वीज ओढते, नाहीतर उपकेंद्रामार्गे ती ग्रीडकडे जाते. भारतात अशी इंजिने १९९० च्या दशकात आली. डब्ल्यूएजी-९ आणि डब्ल्यूएपी-७ ही त्यांतली सर्वांच्या पाहण्यातली. सप्टेंबर २०२४ पासून बेळगावला थांबणाऱ्या पुणे-हुबळी वंदे भारतमध्येही हा ब्रेक आहे. या गाडीच्या वेगाबद्दल फलाटावर भरपूर बोलले जाते, ब्रेकबद्दल क्वचितच. खरे तर तिच्यातली सर्वांत कौतुकाची गोष्ट हीच म्हणावी लागेल.

हवेचा ब्रेक मात्र काढून टाकता येत नाही. अगदी कमी वेगात पुनर्जननाचा जोर ओसरतो, आणि आणीबाणीत फक्त त्याच्यावर विसंबता येत नाही.

रस्त्यावर

निपाणीजवळच्या तवंदी घाटातून उतरलेल्या ट्रकच्या चाकांशी येणारा जळका वास या भागात सर्वांच्या ओळखीचा आहे. ती चढताना जाळलेल्या डिझेलची उरलेली उष्णता असते. विजेच्या वाहनात ती बरीच टळते. ब्रेक लायनर कमी झिजतात आणि त्यांची बारीक धूळही कमी उडते. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये घाट उतरण्याची सवय अनेकांना आहे. ती जिवावर बेतू शकते, आणि विजेच्या गाडीत तर तिला काही अर्थच उरत नाही, कारण इथे गाडी आवरून धरण्यातच कमाई आहे.

कमाईचा आकडा मात्र नीट समजून घ्यावा. स्वारासह २०० किलो वजनाची स्कूटर १०० मीटर उतरली तर जेमतेम ०.०५ युनिट मोकळे होते, म्हणजे सपाट रस्त्यावरचे एक-दोन किलोमीटर. रेल्वेचा फायदा तिच्या वजनात आहे.

कर्नाटकाने विद्युत वाहनांचे धोरण २०१७ मध्ये आणले. असे धोरण करणारे ते देशातले पहिले राज्य. पण घाटमाथ्यावर राहणाऱ्याला धोरणापेक्षा एक साधी गोष्ट आधी ठाऊक हवी. पूर्ण भरलेल्या बॅटरीत नवी वीज मावत नाही. बेळगावहून सावंतवाडीकडे निघालेल्याने आंबोलीला थांबून बॅटरी शंभर टक्के भरली, तर लगेच पुढच्या उतारावर पुनर्जनन ब्रेक बंद पडतो किंवा दुबळा होतो, आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. घाट उतरण्याआधी बॅटरीत थोडी जागा रिकामी ठेवावी. चार्जिंग करायचेच असेल तर ते खाली उतरून करावे.