संदेशव्यवहार प्रोटोकॉलची आकारिक प्रतिमाने

परस्परांपासून स्वतंत्र चालणाऱ्या आणि केवळ संदेशांच्या देवाणघेवाणीने एकत्र काम करणाऱ्या संगणकीय घटकांपैकी कोणी, कोणाला, कोणत्या क्रमाने काय पाठवावे, याचे नियम म्हणजे प्रोटोकॉल. आणि हे नियम गणिती काटेकोरपणे मांडून त्यांची तपासणी करता यावी यासाठी योजलेल्या पद्धती म्हणजे त्यांची आकारिक प्रतिमाने. अशा व्यवस्थेत कोणत्याही घटकाला संपूर्ण चित्र दिसत नाही. त्याला फक्त आपण काय पाठवले आणि आपल्याला काय मिळाले एवढेच ठाऊक असते. साध्या भाषेत लिहिलेले नियम वाचणारा माणूस मात्र नकळत सर्व बाजू एकदम पाहत असतो, म्हणून त्यांतील उणिवा त्याच्या नजरेतून सहज निसटतात.

सर्वांत सरळ प्रतिमान म्हणजे परस्परांशी संदेशव्यवहार करणारी मर्यादित अवस्था यंत्रे, म्हणजे ठरावीक मोजक्याच अवस्थांत राहू शकणारी काल्पनिक यंत्रे. प्रत्येक घटकासाठी एक यंत्र असते, यंत्रांच्या प्रत्येक जोडीत दोन्ही दिशांना, पाठवलेले पण अजून न घेतलेले संदेश क्रमाने धरून ठेवणारी एकेक रांग असते, आणि संदेश पाठवताना किंवा घेताना यंत्राची अवस्था बदलते. बार्टलेट, स्कँटलबरी आणि विल्किन्सन यांनी १९६९ मध्ये मांडलेला एकांतरित बिट प्रोटोकॉल हे याचे नेहमीचे उदाहरण होय. त्यात प्रत्येक संदेशासोबत आळीपाळीने ० किंवा १ हा अंक जातो, त्यामुळे हरवलेला संदेश पुन्हा पाठवला गेला तरी स्वीकारणाऱ्याला नवा संदेश आणि जुन्याची पुनरावृत्ती यांत फरक करता येतो. अशा यंत्रांच्या संयुक्त अवस्था एकामागून एक धुंडाळत गेल्यास दोन प्रकारचे दोष हमखास हाती लागतात: सर्वच घटक एकमेकांच्या संदेशाची वाट पाहत अडकणे, म्हणजे कोंडी, आणि ज्यासाठी नियमच लिहिलेला नाही असा संदेश रांगेच्या तोंडाशी येणे.

तथापि ही धुंडाळणी दरवेळी संपतेच असे नाही. ब्रँड आणि झाफिरोपुलो यांनी १९८३ मध्ये दाखवले की रांगांच्या लांबीवर मर्यादा नसेल, तर अवघ्या दोन यंत्रांची जोडीही ट्युरिंग यंत्राइतकी, म्हणजे कोणतीही संगणकीय गणना करू शकणाऱ्या आदर्श यंत्राइतकी, समर्थ ठरते; परिणामी ती जोडी कोंडीत सापडेल का, हे ठरवणारी सर्वसाधारण रीत अस्तित्वातच असू शकत नाही. विशेष म्हणजे रांगेतील संदेश वाटेल तेव्हा हरवू शकतात असे मानले, तर एखादी अवस्था गाठता येते का हा प्रश्न तत्त्वतः सोडवता येतो, कारण बेभरवशाच्या रांगेत माहिती साठवून मोठी गणना करणे शक्य होत नाही. मात्र त्यासाठी लागणारा वेळ अवाढव्य असू शकतो. व्यवहारात बहुधा रांगेची लांबी मर्यादित धरतात. बेल प्रयोगशाळेत होल्झमन यांनी विकसित केलेले स्पिन हे तपासणी-साधन त्याच वाटेने जाते.

दुसरी परंपरा प्रक्रिया-बीजगणिताची, म्हणजे घटकांचे वर्तन बीजगणितासारख्या सूत्रांनी लिहिण्याची आहे. होअर यांची सीएसपी (१९७८) आणि मिल्नर यांची सीसीएस (१९८०) या अशा सूत्रलेखनाच्या पद्धतींत रांग गृहीत धरलेली नसून देणे आणि घेणे एकाच क्षणी घडते. १९९२ मध्ये मिल्नर, पॅरो आणि वॉकर यांनी मांडलेल्या पाय-कलनात वाहिनीचे, म्हणजे ज्या मार्गाने संदेश जातो त्याचे, नावच संदेश म्हणून पाठवता येते, त्यामुळे चालू असताना बदलत जाणाऱ्या जोडण्याही वर्णन करता येतात. या परंपरेचे बळ दाखवणारी सर्वांत बोलकी घटना सुरक्षाक्षेत्रातली आहे. नीडहॅम आणि श्रोडर यांच्या १९७८ च्या सार्वजनिक-किल्ली प्रोटोकॉलमध्ये (यात प्रत्येकाची एक किल्ली जाहीर आणि एक गुप्त असते) तोतयेगिरीला वाव असल्याचे लोवे यांनी १९९५ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी, उघड केले आणि पुढे सीएसपीवर आधारित साधनाने त्याचे विश्लेषण मांडले. मोजक्या ओळींच्या प्रोटोकॉलची ही गत होती.

वरील पद्धतींत आधी सुटे घटक लिहून मग त्यांचा मेळ तपासला जातो. नृत्यरचना या नावाने ओळखली जाणारी पद्धत उलट दिशेने जाते: संपूर्ण संवाद एकदाच लिहावा आणि त्यावरून प्रत्येकाच्या वाट्याचे वर्तन काढावे. या क्रियेला प्रक्षेपण म्हणतात, आणि खरा पेच तिथेच आहे. ‘अ ने ब ला संदेश पाठवावा, त्यानंतर क ने ड ला पाठवावा’ हे वाक्य निरुपद्रवी वाटते. पण पहिला संदेश गेला हे क ला कळण्याचा मार्गच नसल्यामुळे ते जसेच्या तसे अमलात आणता येत नाही. निवडीच्या बाबतीतही तेच होते. ग्राहकाने खरेदी रद्द केल्याचे विक्रेत्याला कळवले, पण पैसे वळते करणाऱ्या बँकेला कोणीच कळवले नाही, तर बँक वाट पाहत राहते.

होंडा यांनी १९९३ मध्ये दोन पक्षांसाठी मांडलेली सत्र-प्रकारांची, म्हणजे एका संवादातील (सत्रातील) संदेशांचा क्रम आज्ञावलीच्या प्रकार-तपासणीत बसवण्याची, कल्पना होंडा, योशिदा आणि कार्बोने यांनी २००८ मध्ये अनेक पक्षांपर्यंत नेली. तीत संपूर्ण संवादाचे वर्णन करणाऱ्या वैश्विक प्रकारापासून प्रक्षेपणाने प्रत्येक घटकाचे स्थानिक प्रकार मिळतात आणि प्रत्येक घटकाची आज्ञावली फक्त आपल्या स्थानिक प्रकाराशी ताडून पाहिली जाते. प्रक्षेपण न होणारे वर्णन आधीच नाकारले जाते. त्यामुळे एका सत्रापुरती कोंडी होणार नाही याची हमी मिळते. एकच घटक अनेक सत्रांत गुंतला की ही हमी आपोआप टिकत नाही, आणि मूळ मांडणीत एखादा घटक मध्येच बंद पडण्याचा विचारही नाही. घटक बंद पडणे आणि संदेश हरवणे यांची दखल घेणारी सत्र-प्रकारांची रूपे नंतर स्वतंत्रपणे मांडावी लागली.