मुलांच्या पायांवरील अस्थिशस्त्रक्रिया : संशोधनाचे अग्रक्रम

एखाद्या वैद्यकशाखेत अजून न सुटलेल्या प्रश्नांपैकी कोणते आधी हाती घ्यावेत, हे रुग्ण, त्यांचे कुटुंबीय आणि उपचार करणारे यांनी ठरावीक पद्धतीने मिळून निवडणे, याला संशोधनाचे अग्रक्रम ठरवणे असे म्हणतात. खुब्यापासून पावलापर्यंतच्या बालअस्थिशस्त्रक्रियेत ही निवड विशेष निकडीची असते. एकेका विकाराचे रुग्ण थोडे असतात आणि वाढत्या हाडावर केलेल्या शस्त्रक्रियेचे खरे फलित ते मूल मध्यमवयीन झाल्यावर कळते. त्यामुळे पुराव्यापेक्षा गुरुपरंपरेने चालत आलेले उपचार येथे बरेच टिकून राहिले आहेत.

याचे ठळक उदाहरण म्हणजे पेर्थेसचा विकार. १९१० च्या सुमारास लेग, काल्व्हे आणि पेर्थेस यांनी त्याचे स्वतंत्रपणे वर्णन केले. बहुधा चार ते आठ वर्षांचा मुलगा लंगडू लागतो, कुठे दुखते म्हणून विचारले तर गुडघ्यावर हात ठेवतो, आणि क्ष-किरण चित्रात दोष मात्र खुब्यात निघतो. रक्तपुरवठा खंडित झाल्याने मांडीच्या हाडाचा गोल माथा ठिसूळ होऊन चपटा पडू लागतो आणि पुढच्या काही वर्षांत तेथे पुन्हा हाड भरते. या काळात हाड कापून माथा खोबणीत नीट बसवावा, की व्यायाम आणि देखरेख यांवर निभवावे, याबद्दल शतकभरानंतरही मतभेद आहेत. शस्त्रवैद्य माथ्याचा गोलपणा मोजतो. मधल्या सुट्टीत त्याला पळू द्यायचे की नाही, रात्री कळ आली तर काय करायचे, हे आईचे प्रश्न असतात. दुसऱ्या प्रकारचे प्रश्न संशोधनात फार कमी येतात, आणि अग्रक्रम ठरवण्याची पद्धत मुख्यतः ही उणीव भरून काढण्यासाठी आहे.

ब्रिटनमध्ये २००४ साली स्थापन झालेल्या जेम्स लिंड अलायन्सने ही पद्धत रूढ केली. हे नाव ज्या नौदल शस्त्रवैद्यावरून पडले, त्याने १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ जहाजावर स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला होता. संत्री-लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर सावरली. अलायन्सच्या पद्धतीत आधी खुल्या सर्वेक्षणातून प्रश्न मागवले जातात, सारखे प्रश्न एकत्र केले जातात आणि ज्यांचे उत्तर उपलब्ध संशोधनात आधीच आहे ते वगळले जातात. उरलेल्यांना पसंतीक्रम लावून शेवटच्या बैठकीत पालक, रुग्ण, शस्त्रवैद्य, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट समोरासमोर बसतात व प्रश्न लिहिलेली कार्डे टेबलावर वरखाली सरकवत पहिले दहा प्रश्न ठरवतात. औषध वा उपकरण कंपन्यांना यात मत नसते, आणि ते योग्यच आहे.

ब्रिटिश सोसायटी फॉर चिल्ड्रन्स ऑर्थोपेडिक सर्जरी या संस्थेने अलायन्सबरोबर मुलांच्या पायांवरील शस्त्रक्रियेसाठी अशी प्रक्रिया राबवली. केवळ शस्त्रवैद्यांचे मत घेऊन केलेली वेगळी क्रमवारीही २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. पेर्थेसमध्ये शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रियेविना देखभाल यांची तुलना करणारी चाचणी पुढे ब्रिटनमध्ये हाती घेण्यात आली.

पालकांच्या रेट्याने उपचार बदलतो, याचा दाखला या पद्धतीबाहेरही सापडतो. जन्मतः वाकड्या पावलासाठी इग्नासिओ पोन्सेटी या अस्थिशस्त्रवैद्यांनी अमेरिकेतील आयोवात विकसित केलेली, प्लास्टर बदलत पाऊल हळूहळू सरळ करण्याची पद्धत कित्येक वर्षे बहुतेक शस्त्रवैद्यांनी बाजूला ठेवली होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पालकांनीच इंटरनेटवरून तिचा प्रसार केला आणि पाऊल उघडून केलेल्या मोठ्या शस्त्रक्रिया कमी झाल्या.

ब्रिटनची यादी भारताला जशीच्या तशी लागू पडणार नाही. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत वाकडे पाऊल आणि खुब्याचा जन्मजात दोष हे दोन्ही आहेत. मात्र दोष सापडल्यानंतर दर आठवड्याला प्लास्टर बदलायला जिल्ह्याच्या गावी नेताना बुडणारी मजुरी, आणि नंतर पायांना लावायचा ब्रेस चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत रोज रात्री घालत राहणे, हे येथील पालकांपुढचे प्रश्न आहेत. ब्रेस मध्येच सुटला की पाऊल पुन्हा वळते, हे डॉक्टरांना माहीत असते. तो कोणत्या घरात का सुटतो, याचा शोध मात्र त्या घरात जाऊनच घ्यावा लागेल.