तुमच्या डॉक्टरांची सही आणि परक्या सरकारची तपासणी

रविवारी दवाखाना बंद असतो, तरी घरची बेल वाजते. दारात कुणीतरी फाइल घेऊन उभं. ‘डॉक्टर, पाचच मिनिटं. व्हिसाचं मेडिकल सर्टिफिकेट हवंय, उद्या अपॉइंटमेंट आहे.’ कुठल्या देशाचा व्हिसा, किती दिवसांचा, असं विचारलं की उत्तर येतं, ‘ते नाही माहीत, पण साधंच आहे, तुमची सही हवी फक्त.’ मुलुंडला दवाखाना थाटून मला बरीच वर्षं झाली आणि या ‘फक्त सही’ने माझं जेवढं डोकं खाल्लंय तेवढं डेंग्यूच्या साथीनेही नाही.

फिटनेस सर्टिफिकेट काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पालिकेच्या जलतरण तलावाचा फॉर्म, आजारपणाची रजा संपवून कामावर रुजू होताना लागणारा कागद. बीपी, छातीला स्टेथोस्कोप, सही, शिक्का. संपलं.

व्हिसा मेडिकल म्हणजे याच कागदाचा थोरला भाऊ, असा समज आहे. थोडी जास्त रक्ततपासणी, थोडा मोठा शिक्का. नाही हो. ही जातच वेगळी. माझ्या सर्टिफिकेटवर मी तुमच्या वतीने बोलतो. पॅनल फिजिशियन, म्हणजे व्हिसा देणाऱ्या देशाने नेमलेला डॉक्टर, त्या देशाच्या सरकारच्या वतीने तुम्हाला तपासतो. तोही इथलाच, मराठी बोलणारा, कदाचित माझ्याच कॉलेजचा. पण काय विचारायचं, कुठली तपासणी करायची आणि निकाल कुणाला कळवायचा हे त्याला ते सरकार ठरवून देतं. त्या सरकारच्या यादीत ज्याचं नाव नाही, त्याच्या एमडीला आणि चाळीस वर्षांच्या अनुभवाला तिथे शून्य किंमत. माझं नाव नाही. मी कितीही मनापासून लिहिलं तरी तो कागद रद्दी.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड जिथे मेडिकल मागतात तिथे ते या यादीतल्या डॉक्टरकडचंच लागतं. अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसालाही तेच. दोन महिने नातवंडं बघायला टुरिस्ट व्हिसावर निघालेल्यांना अमेरिका मेडिकल मागत नाही, त्यांनी माझी बेल वाजवू नये. ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त राहायला जायचं तर भारतातून जाणाऱ्याला टीबीचं सर्टिफिकेट लागतं, तेही त्यांनी नेमलेल्या क्लिनिकचंच. एक वर्षाचं एमएससी करायला निघालेली सगळी मुलं यात येतात. अकरा वर्षांवरच्यांचा छातीचा एक्स-रे होतो आणि सर्टिफिकेट सहा महिने चालतं. हा कागद तुमच्या हातात मिळतो. कॅनडा-ऑस्ट्रेलियाचा निकाल मात्र डॉक्टर ऑनलाइन थेट त्यांच्या सरकारला पाठवतो. ‘पास झालो का?’ असं त्याला विचारण्यात अर्थ नसतो, कारण निर्णय त्याचा नसतोच.

आमच्या मागच्या सोसायटीतल्या एका आजोबांचं सांगतो. मुलगा टोरांटोला, म्हणून सुपर व्हिसा, म्हणजे तिथे राहणाऱ्यांच्या आई-वडिलांसाठीचा कॅनडाचा व्हिसा. त्यावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, त्यामुळे मेडिकल आलंच. त्यांनी आधी एका लॅबचं ‘व्हिसा हेल्थ पॅकेज’ केलं. थायरॉइड, व्हिटॅमिन डी, सगळं. यातलं काहीही कुणी मागितलं नव्हतं. (ही पॅकेजं विकणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे.) मग पॅनल डॉक्टरकडे गेले, तर एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या टोकाला डाग. 1978 साली टीबी होऊन गेलेला, इंजेक्शनं घेऊन पूर्ण बरा झालेला. पण डाग जुना आहे हे दाखवायला कागद हवा ना? जुना एक्स-रे कुठाय, तर म्हणे 1995 च्या ग्रहणात सूर्य बघायला काढला होता, नंतर गेला कुठेतरी. (एक्स-रेतून ग्रहण बघायचं नसतं, डोळे जातात, तो वेगळा विषय.) शेवटी ओळीने तीन सकाळी थुंकीचे नमुने, त्यांचं कल्चर (जंतू वाढतात का ते बघणं) आणि त्याला आठ आठवडे. तिकीट पुढे ढकललं, नातवाची मुंज आजोबांविना झाली.

जुनी फिल्म असती तर थुंकीची तपासणी टळलीच असती असं नाही. पण डाग वर्षानुवर्षं तसाच आहे, हे पॅनल डॉक्टरला दिसलं असतं. माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरचं खरं काम इथे आहे: आजार कधी झाला, किती महिने औषधं घेतली, सध्या बीपी-शुगरच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे लेटरहेडवर नीट लिहून देणं. ते पत्र, जुने रिपोर्ट आणि मूळ पासपोर्ट घेऊन जा. दिवस गेले असतील तर एक्स-रेआधी सांगा. आणि टीबी लपवू नका. फिल्म बोलते.

आता उलटा घोटाळा. स्पेनला 180 दिवसांहून जास्त शिकायला जाणाऱ्या मुलाला शेजारच्या काकू सांगतात, ‘अरे, पॅनलवाल्याकडेच जावं लागतं.’ इथे मात्र साधा नोंदणीकृत डॉक्टर चालतो, म्हणजे मी. अडचण शब्दांची आहे. 2005 च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार सार्वजनिक आरोग्याला गंभीर धोका ठरेल असा आजार या व्यक्तीला नाही, हे वाक्य तसंच्या तसं हवं. ‘ही इज फिट टू ट्रॅव्हल’ लिहिलेला कागद परत येतो. शिवाय खासगी डॉक्टरचा कागद सरकारी नसतो. त्यामुळे किल्ला कोर्टाबाहेरचा नोटरी, मग राज्य पातळीवरचं साक्षांकन आणि शेवटी परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, अशी वरात निघते. अपोस्टिल म्हणजे सही-शिक्का खरा आहे एवढीच ग्वाही. तुमच्या तब्येतीशी त्याचा काही संबंध नाही.

बाकी किरकोळ. आखाती देशांचं मेडिकल, ज्याला लोक अजून ‘गामका’च म्हणतात, त्याची स्लिप आता ‘वाफिद’ या वेबसाइटवर ऑनलाइन काढायची. गरोदर बाईसाठी विमान कंपनी मागते ते ‘फिट टू फ्लाय’ व्हिसाचं नव्हे. यलो फीव्हरचं कार्ड सरकारमान्य केंद्रातच मिळतं, लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं आणि 2016 पासून जन्मभर चालतं. तेही माझ्याकडे मिळत नाही.

जे माझ्याकडे मिळतं त्याची नोंद मी रजिस्टरात करतो, प्रत ठेवतो आणि शरीरावरची ओळखखूण लिहितो. नियमच आहे तसा. म्हणून मुलाला पाठवून चालणार नाही, स्वतः या. गेल्या महिन्यात एक गृहस्थ म्हणाले, ‘तीळबीळ कशाला, आधार कार्ड आहे की.’ त्यांच्या डाव्या कोपराखाली भाजल्याचा व्रण निघाला, दोन इंच. तो लिहिला, मग सही केली.