‘लेकरांना काय कळतंय?’ कळतं!

घरात आईला कॅन्सर निघाला की सोलापुरात पहिला सल्ला ठरलेला: "पोरांना सांगू नका, लहान आहेत." हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, आणि तो चुकीचा आहे.

आजाराचं नाव कळत नसेल, पण घरातला बदल मुलांना कळतो. आई केमोसाठी बार्शीला जाऊन येते, उशीवर केस दिसतात, मावशी स्वयंपाकघरात कुजबुजते आणि पोर आलं की गप्प होते. मग ‘रिकाम्या जागा भरा’ पोर स्वतःच सोडवतं. तीन ते सहा वर्षांचं मूल पुष्कळदा असं धरून बसतं, "मी हट्ट केला म्हणून आई आजारी पडली." पोट दुखतं, अंथरूण ओलं होतं, शाळा नको होते; आपण म्हणतो, नाटकं करतंय. मोठ्या मुलांचं उलटं. दहावीतली मुलगी गुपचूप भाकऱ्या थापू लागते, सगळे तिला ‘शहाणी’ म्हणतात. (ही शाबासकी मला तरी खटकते.)

सांगायचं थोडकंच: आजाराचं खरं नाव, तो तुझ्यामुळे झाला नाही, आईला शिवल्याने होत नाही, आणि उद्या तुझा डबा कोण करणार. "नक्की बरी होईल" असं वचन मात्र देऊ नका. वर्गशिक्षकांच्याही कानावर घाला.