कार्यशाळेच्या जमिनीवरचा रंग का सुटतो?

घरात छोटी कार्यशाळा थाटायची म्हटलं की चर्चा अवजारांची होते. जमिनीचा विषय निघालाच तर तो रंगापुरता असतो: करडा की हिरवा, चकचकीत की मॅट. वर्ष-दोन वर्षांत रंगाचे पापुद्रे निघायला लागले की दोष डब्यावर जातो. डबा बहुतेक वेळा निर्दोष असतो. बिघाड त्याच्या खाली, काँक्रीटमध्ये असतो.

काँक्रीट वरून कितीही घट्ट दिसलं तरी आतून सच्छिद्र असतं. सिमेंटच्या रासायनिक क्रियेला लागतं त्यापेक्षा बरंच जास्त पाणी मिश्रणात घालावं लागतं, नाहीतर ते ओतता-पसरवता येत नाही. हे जादा पाणी हळूहळू उडून जातं आणि केसाहून बारीक नळ्यांचं जाळं मागे सोडतं. 28 दिवसांत काँक्रीटला अपेक्षित ताकद येते, पण ते वाळलेलं असेलच असं नाही. चार इंच जाडीचा स्लॅब वाळायला कित्येक महिने लागू शकतात. शिवाय स्लॅबखाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला नसेल, तर मातीतली ओल याच नळ्यांतून वर येत राहते. उघड्या कोब्यावर ती कळतही नाही, कारण आली तशी हवेत निघून जाते. वर न झिरपणारा थर दिला की तिची वाट बंद होते आणि ती थराच्या पोटाशी साठायला लागते.

हे पाणी साधंही नसतं. सिमेंटच्या क्रियेतून कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं, सोबत सोडियम-पोटॅशियमचे क्षार असतात, आणि छिद्रांतल्या पाण्याचा पीएच 12 ते 13 पर्यंत जातो. असं तीव्र अल्कधर्मी पाणी तेलाच्या रंगाला भेटलं की रंगातल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो. साबणाच्या कारखान्यात मुद्दाम घडवून आणतात तीच ही क्रिया. म्हणून उरलेला ऑइलपेंट कोब्यावर मारण्याचा मोह टाळलेला बरा.

ओल आहे का हे बघायला यंत्र लागत नाही. दीड फूट लांब-रुंद, जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्यायचा, चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करायच्या आणि किमान 16 तास तसाच ठेवायचा. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट पडलेलं दिसलं, तर ओल आहे. दोन-तीन ठिकाणी करावं, त्यातली एक जागा भिंतीलगतची. थेंब दिसले नाहीत म्हणून जमीन कायमची कोरडी असा दाखला मात्र मिळत नाही. कडक उन्हाळ्यात कोरडा निघालेला कोबा पावसाळ्यात वेगळं उत्तर देऊ शकतो.

जुना रंग सुटत असेल, तर त्याचा एक पापुद्रा उचलून उलटा करून बघा. मागे करडी पूड चिकटलेली असेल, तर रंगाने काँक्रीटला पकडलं होतं, पण काँक्रीटचा वरचा थरच कच्चा होता. ओतल्यावर पाणी वर येतं, येताना बारीक सिमेंट आणतं, आणि वाळल्यावर पृष्ठभागावर एक कमजोर, पिठूळ साय उरते. तीच ही पूड. मागची बाजू स्वच्छ आणि गुळगुळीत असेल, तर रंग कधी धरलाच नव्हता. खाली तेल किंवा जुना सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा लेप, असणार. तिथे पाण्याचे दोन थेंब टाकले तर ते मुरणार नाहीत, गोळा होऊन बसतील. आणि खाली पांढरे क्षार किंवा दमटपणा दिसला, तर ओलीचं उत्तर शोधल्याशिवाय नवा डबा आणण्यात अर्थ नाही.

ही साय काढायला आम्ल वापरतात किंवा हिऱ्याच्या चकतीचा ग्राइंडर. माझं मत ग्राइंडरच्या बाजूने आहे. आम्ल तेलाच्या डागाखाली पोचत नाही, आणि नीट धुतलं गेलं नाही तर क्षार मागे ठेवतं. ग्राइंडरची धूळ मात्र गंभीर प्रकरण आहे. तिच्यात स्फटिकी सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची इजा करते. व्हॅक्यूम जोडलेला ग्राइंडर आणि चांगला रेस्पिरेटर (बारीक धूळ गाळणारा मास्क) नसेल, तर काम दुसऱ्याकडून करून घ्यावं.

आता इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन घटक कालवून जमिनीवर देतात तो कडक थर. पाण्याचा रंग पाणी उडून वाळतो; इपॉक्सीत रेझिनचे रेणू हार्डनरच्या अमाइन रेणूंशी जोडले जाऊन एकसंध जाळं तयार होतं. या जोडणीत उष्णता बाहेर पडते. डब्यात कालवलेलं मिश्रण तसंच ठेवलं तर ती आतच कोंडते, क्रिया आणखी वेगाने होते, आणि बघता बघता डबा हाताला धरवत नाही. तेच मिश्रण जमिनीवर पातळ पसरलं की उष्णता निघून जाते आणि काम करायला सवड मिळते. लवकर कडक व्हावं म्हणून हार्डनर जास्त घालणं मात्र चूक. जादा रेणूंना जोडीदारच मिळत नाही आणि थर मऊ, चिकट राहतो.

दमट हवेत आणखी एक भानगड होते. हार्डनरमधलं अमाइन हवेतल्या कार्बन डायऑक्साइड आणि बाष्पाशी क्रिया करून पृष्ठभागावर मेणचट थर आणतं. तो धुऊन न काढता वर दुसरा हात दिला तर दुसरा हात सुटतो. म्हणून जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे थेंब जमू लागतात त्यापेक्षा) किमान 3 अंश सेल्सिअस जास्त असेल तेव्हाच काम करतात. खिडकीतून ऊन येत असेल तर इपॉक्सी पिवळं पडतं, हेही धरून चाला.

एवढं करूनही मला वाटतं, घरच्या बहुतेक कार्यशाळांना इपॉक्सीची गरज नसते. सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचं द्रावण काँक्रीटमध्ये मुरवलं, तर ते तिथल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी क्रिया करून सिमेंटला बांधून ठेवणारा पदार्थच आणखी तयार करतं. पृष्ठभाग टणक होतो, सतत उडणारी करडी पूड थांबते, आणि वर थरच नसल्यामुळे सुटायला काही उरत नाही. बाष्पालाही वाट राहते. तेलाचे डाग मात्र पडतात. गाड्यांचं काम, ग्रीस आणि सांडणारी रसायनं हाच रोजचा व्यवहार असेल तर इपॉक्सी घ्या, आणि त्यात क्वार्ट्‌झची बारीक रेती टाकायला सांगा. ओली गुळगुळीत इपॉक्सी घसरते. रंगीत ठिपक्यांची सजावट टाळा. त्यात पडलेला स्क्रू शोधून दाखवा!

लाकूडकाम करणाऱ्यांचा जीव लाकडी जमिनीवर असतो, आणि तो रास्त आहे. काँक्रीटवर पडलेल्या पटाशीची धार जाते, लाकडावर बहुधा वाचते. काँक्रीट लाकडाच्या साधारण दहापट वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणून खोलीइतक्याच तापमानाचं असूनही ते पायांना गार लागतं. सगळी जमीन लाकडी करणं जमत नसेल, तर बेंचसमोर रबराची जाड चटई पुरते.

जमिनीचं काम खोली रिकामी असतानाच उरकावं, मग बाकीची मांडणी. दिवे बेंचच्या मागे नकोत, नाहीतर आपलीच सावली कामावर पडते. हाताच्या कामाला 500 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड हवा. स्वस्त दिवे लुकलुकतात, आणि त्या उजेडात फिरतं यंत्र थांबल्यासारखं दिसू शकतं. हा धोका गंमतीचा नाही.

धुळीचा हिशोब डोळ्यांना फसवतो. खाली पडलेला भुसा तितका त्रासदायक नाही. स्थिर हवेत 10 मायक्रोमीटरचा कण छातीच्या उंचीवरून खाली यायला साधारण आठ-दहा मिनिटं घेतो. 1 मायक्रोमीटरच्या कणाला अर्धा दिवस लागतो. यंत्र बंद करून मास्क लगेच काढला, तर नेमकी हीच बारीक धूळ आत जाते. म्हणून धूळ उगमापाशी, यंत्राच्या तोंडाशीच ओढून घ्यावी, आणि झाडूऐवजी चांगल्या फिल्टरचा व्हॅक्यूम वापरावा.

शेवटी कचऱ्याचा डबा. जवसाच्या तेलाने लाकूड पुसलेल्या चिंध्या त्यात बोळा करून टाकू नयेत. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि या क्रियेत उष्णता बाहेर पडते. बोळ्यात ती डब्यातल्या इपॉक्सीसारखीच कोंडते, आणि ठिणगीशिवाय चिंधी पेटते. चिंध्या बाहेर एकेरी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवाव्यात, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात.