नीट टाइप कर ना मग!

माझी भाची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि पावसाळा सुरू झाला की अभ्यासापेक्षा ढोल जास्त वाजवते. त्या रविवारी नदीपात्रातला सराव संपवून ती तडक आमच्याकडे कोथरूडला आली. बोटांना चिकटपट्ट्या, पाठीवर लॅपटॉप. पथकातल्या पोरांची हजेरी वहीत घेणं जमेनासं झालं म्हणून तिने एक छोटं वेब-ॲप लिहायला घेतलं होतं. नावावर बोट ठेवलं की हजेरी लागणार आणि शेजारचा ढोल टुणकन उसळी घेऊन थोडा मोठा होणार. हजेरीचं काम दोन दिवसांत झालं. ढोल काही उसळेना.

"ए मामा, टाइप एरर येतोय. चार तास झाले."

आमचे भाऊजी पोहे खात होते. ते मान वर न करता म्हणाले, "नीट टाइप कर ना मग!"

हसू नका. हा गैरसमज मी चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे, आणि त्यात त्यांची फारशी चूकही नाही. दोन्ही शब्दांचा आजा एकच. ठसा या अर्थाचा एक ग्रीक शब्द, त्यावरून छापखान्यातली शिशाची अक्षरं, ज्यांना आपले जुने जुळारी खिळे म्हणायचे. त्यावरून टाइपरायटर आणि टायपिंग. दुसरी फांदी 'प्रकार' या अर्थाकडे गेली, आणि टाइप एररमधला टाइप तो. "स्वारगेटची बस आला" असं कोणी म्हटलं तर आपले कान लगेच टवकारतात. त्या वाक्यात एकही अक्षर चुकीचं उमटलेलं नाही. फक्त बस स्त्रीलिंगी आणि क्रियापद पुल्लिंगी, त्यामुळे सांधा बसत नाही. टाइप एरर असा असतो.

ब्राउझरची भाषा जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली तिचा पहिला अवतार दहा दिवसांत उभा केला, आणि ती घाई आजही जाणवते. अवतरणचिन्हांत लिहिलेल्या ५ मध्ये ३ मिळवा, उत्तर ५३ येतं. त्याच ५ मधून ३ वजा करा, उत्तर २. दोन्ही वेळा जावास्क्रिप्ट हूं की चूं करत नाही. या भोळ्या स्वभावाला वेसण घालायला मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट आणली. तिचे मुख्य शिल्पकार अँडर्स हेल्सबर्ग, टर्बो पास्कल आणि सी-शार्प घडवणारे तेच. तुम्ही लिहीत असतानाच टाइपस्क्रिप्टचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम तपासून त्याची जावास्क्रिप्ट करणारा प्रोग्राम, प्रत्येक सांधा तपासतो आणि न बसणाऱ्या सांध्याखाली लाल नागमोडी रेघ ओढतो. ब्राउझरपर्यंत मात्र हे टाइप पोहोचतच नाहीत. तपासणी झाली की ते पुसून टाकले जातात आणि उरते ती साधी जावास्क्रिप्ट.

आता भाचीची लाल रेघ. वेबपानं बांधायला तिने रिॲक्ट घेतलं होतं आणि त्याच्याबरोबर वापरली जाणारी फ्रेमर मोशन नावाची ॲनिमेशन लायब्ररी, म्हणजे हालचालींसाठी दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड. अलीकडे हिचं नाव नुसतं मोशन झालं आहे. ढोलाने कसं हलायचं ते या लायब्ररीला एका छोट्या वर्णनात सांगावं लागतं. त्यात 'टाइप' नावाचा एक खण असतो (हो, नेमकं हेच नाव, गोंधळाला नवस बोलून घरी बोलावल्यासारखं) आणि त्यात भाचीने लिहिलं होतं 'स्प्रिंग'. स्पेलिंग बरोबर, अवतरणचिन्हं बरोबर. तक्रारीचा मराठी मतलब असा: 'इथे वाट्टेल तो मजकूर चालणार नाही.'

"पण मी वाट्टेल तो मजकूर कुठे दिलाय? स्प्रिंगच दिलंय ना!"

खरी गंमत पुढे होती. हेच वर्णन तिने ढोलाच्या ओळीतच, जागच्या जागी लिहिलं तर रेघ गायब व्हायची. तेच उचलून नीटनेटकेपणासाठी वर वेगळं ठेवलं, नाव दिलं आणि खाली फक्त ते नाव वापरलं, की रेघ परत. एका अक्षराचाही फरक नाही. तिच्या मित्राने निदान केलं होतं, "ही व्हर्शन आपल्याला लाभत नाही." तीनदा लायब्ररी काढून परत घातली गेली, नोड मॉड्यूल्सचं फोल्डर पुसून झालं, लॅपटॉप बंद-चालू झाला. घर लाभत नाही, गाडीचा नंबर लाभत नाही, तशी आता व्हर्शनही लाभत नाही! दसऱ्याला लॅपटॉपला झेंडू वाहायला माझी ना नाही, मीही वाहतो. पण त्याच चुकीवर त्याच ओळीत तेच उत्तर देणाऱ्या यंत्राच्या बाबतीत नशिबाला मध्ये आणायचं म्हणजे फारच झालं.

कारण समजून घ्यायचं तर नववीच्या गणितातले संच आठवा. कंपायलरच्या लेखी प्रत्येक टाइप म्हणजे एक संच. 'स्ट्रिंग' हा जगातल्या सगळ्या मजकुरांचा संच: 'स्प्रिंग', 'मिसळ', 'अबकड', रिकामा मजकूरसुद्धा. त्याच्या पोटात एकेका सदस्याचेही संच असतात, जसा फक्त 'स्प्रिंग' एवढाच सदस्य असलेला. लायब्ररीने त्या खणासाठी मोजक्या शब्दांचा संच ठरवून दिला आहे: 'स्प्रिंग', 'ट्वीन', 'इनर्शिया' आणि असे आणखी थोडे. नियम एकच. तुम्ही देता तो संच, मागितलेल्या संचाचा उपसंच हवा. एकट्या 'स्प्रिंग'चा संच त्यात बसतो. सगळ्या मजकुरांचा संच कसा बसणार?

मग भाचीच्या 'स्प्रिंग'ला कंपायलरने सगळ्या मजकुरांच्या संचात का ढकललं?

आमच्या स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा मी तिच्यासमोर ठेवला. डबा फडताळात कायम त्याच जागी असतो. पण आतल्या वाट्या? आज ज्या वाटीत मोहरी आहे तिच्यात उद्या जिरं येऊ शकतं. जावास्क्रिप्टमध्ये 'कॉन्स्ट', म्हणजे कायम, म्हणून ठेवलेलं वर्णन नेमकं असंच असतं. 'कॉन्स्ट'ने डबा बांधला जातो, वाट्या नाही. पुढच्या एखाद्या ओळीत कोणीही 'टाइप'च्या वाटीत 'स्प्रिंग' काढून 'मिसळ' भरू शकतं, आणि भाषेला ते मान्य आहे. कंपायलर हा धोका ओळखून असतो. वाटीवर 'मोहरी' अशी चिठ्ठी लावली तर उद्या जिरं भरणाऱ्याला उगाच अडवावं लागेल, म्हणून तो आपणहून चिठ्ठी सैल करतो: 'मसाला'. मजकुराच्या बाबतीत ही सैल चिठ्ठी म्हणजे 'स्ट्रिंग'. या सैलावण्याला वाइडनिंग म्हणतात.

याच जागी नुसता एकटा मजकूर 'कॉन्स्ट'मध्ये ठेवला असता, वर्णनाच्या पोटात नाही, तर चिठ्ठी घट्टच राहिली असती. त्यात बदलण्यासारखी वाटीच नाही. डबा हाच मसाला.

आणि जागच्या जागी लिहिल्यावर का चालतं? तिथे कंपायलरला समोर दिसत असतं की हे वर्णन थेट ढोलाच्या हाती जाणार आहे आणि ढोलाला अमुकच शब्द हवे आहेत. मागणी माहीत असताना तो चिठ्ठी सैल करत नाही. वर्णन वर वेगळं ठेवलं की लिहितेवेळी मागणीच ठाऊक नाही. तो सावध अंदाज बांधून पुढे जातो, आणि दहा ओळींनंतर वर्णन ढोलापाशी पोहोचतं तोवर चिठ्ठीवर 'मसाला' लिहून झालेलं असतं. वाटीत खरंच मोहरी आहे, पण दारावरचा माणूस झाकण उघडून बघत नाही. तो चिठ्ठी वाचतो.

वेगाचा वक्र देतानाही हेच होतं, फक्त नुकसान वेगळं. ॲनिमेशन कुठे हळू, कुठे जोरात हे ठरवायला चार आकडे देतात, उदाहरणार्थ ०.२५, ०.१, ०.२५, १. या वक्राला ज्यांचं नाव मिळालं ते पिएर बेझिए रेनो कंपनीत मोटारींच्या अंगाची वळणं आखायचे. लायब्ररीला हवे असतात नेमके चार आकडे. वेगळं ठेवल्यावर कंपायलरच्या चिठ्ठीवर राहतं 'आकड्यांची रांग'. रांगेत उद्या पाचवा येऊन उभा राहू शकतो, म्हणून चार ही गोष्टच विसरली जाते. लाल रेघ.

उपाय तीन. पहिला सरळ: वर्णन लिहितानाच मागणी सांगून टाका, म्हणजे नावापुढे लायब्ररीचा 'व्हेरिएंट्स' हा टाइप लिहा. दुसरा, शेवटी 'ॲज कॉन्स्ट' जोडा. ही सोय टाइपस्क्रिप्टच्या ३.४ आवृत्तीपासून, २०१९ पासून आहे. याने सगळ्या वाट्यांना लाख लागते: आतलं काहीही बदलणार नाही, तेव्हा चिठ्ठ्या घट्ट. पण लाख लावलेली वस्तू सगळ्यांनाच चालते असं नाही. समोरच्याने 'मला बदलता येईल अशी रांग द्या' म्हटलं असेल तर नवी तक्रार उभी राहते. तिसरा माझा आवडता, 'सॅटिस्फाइज', २०२२ च्या ४.९ आवृत्तीतला. याचा अर्थ, 'हे वर्णन व्हेरिएंट्सच्या मागणीत बसतं का तपास, पण मी जे लिहिलंय ते विसरू नकोस.' पहिल्या उपायात ते विसरलं जातं. भाचीने ढोलाच्या स्थितींना 'हजर' आणि 'गैरहजर' अशी नावं दिली होती. पहिल्या उपायानंतर यादीतून चुकून 'हाजर' मागितलं तरी कंपायलर गप्प, कारण त्याला फक्त 'काहीतरी नावांची यादी' एवढंच आठवतं. तिसऱ्यात तो लगेच हटकतो.

चौथा उपाय लोक सर्रास वापरतात, तो म्हणजे 'एनी'. कशालाही चालवून घे. भाचीने आधी एआयला विचारलं होतं आणि त्यानेही हाच तोडगा दिला, वर छान समजूतदार प्रस्तावना जोडून. टाइप एररचे दिवस संपले अशा घोषणा हल्ली रोज कानावर पडतात. रेघ पुसली गेली एवढं खरं. 'एनी' ज्याला चिकटतो त्याच्या हातातून पुढे जे जे जातं त्याचीही तपासणी थांबते.

तपासणी सोडून देण्याचं एक फार महागडं उदाहरण वेबचं नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे युरोपीय रॉकेट पहिल्याच उड्डाणात, जेमतेम चाळीस सेकंदांत फुटलं. आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांचा एक आकडा १६ बिटांच्या जागेत कोंबला गेला होता, जिथे ३२,७६७ च्या वर काही मावत नाही. प्रोग्राम आधीच्या एरियान ४ वरून उचललेला. असे धोक्याचे आकडे सात होते, त्यांतल्या चारांना संरक्षण दिलेलं, तिघांना संगणकावरचा भार वाचवण्यासाठी मुद्दाम वगळलेलं. फुटला तो त्या तिघांतला. आमचा ढोल फुटला तरी कोणाचं काही बिघडणार नव्हतं, हे भाचीने मला लगेच सुनावलं.

पण लायब्ररी त्या एका शब्दावर एवढी का अडते? कारण तो शब्द गणित निवडतो. 'ट्वीन' म्हटलं की सेकंद आणि वक्र. 'स्प्रिंग' म्हटलं की हूकचा नियम: ताठरता, वस्तुमान आणि अवमंदन, म्हणजे हेलकावे शमवणारा रोध. ताठरता १००, वस्तुमान १ धरा. अवमंदन २० असेल, म्हणजे ताठरता गुणिले वस्तुमान यांच्या वर्गमुळाची दुप्पट, तर ढोल अजिबात न उसळता सुळकन जागेवर जाऊन बसतो. १० ठेवलं तर तो मुक्कामाच्या सुमारे १६ टक्के पुढे जातो आणि मग परततो. ढोल १ वरून १.२ पट मोठा व्हायचा होता, तो आधी १.२३ ला जाऊन मागे येणार. डोळ्याला टुणकन वाटतं ते एवढंच.

'सॅटिस्फाइज' लिहिलं, रेघ गेली. लगेच दुसरी आली, ढोल ओढल्यावर काय करायचं ते सांगणाऱ्या 'ऑनड्रॅग'खाली. या नावाने रिॲक्टला ब्राउझरची ओढाओढ कळते आणि लायब्ररीला तिची स्वतःची, जिच्यात किती सरकलं हा जादा तपशील असतो. नाव एक, माणसं दोन. रिॲक्टच्या टाइपऐवजी लायब्ररीचाच 'एचटीएमएल मोशन प्रॉप्स' हा टाइप वापरला की भांडण मिटतं. हे तिने माझ्याआधी ओळखलं, कारण या वेळी तिने तक्रार शेवटच्या ओळीपर्यंत वाचली होती.

मग आम्ही ढोल वाजवला. म्हणजे दाबला. तो उसळला आणि थांबेचना. थरथर थरथर, चांगले सात-आठ सेकंद. लाल रेघ कुठेही नाही. मी टाइप पाहिले, सगळे घट्ट. भाचीने पुन्हा व्हर्शनकडे संशयाने पाहिलं. भाऊजी चष्मा लावून स्क्रीनवर वाकले आणि त्यांनी अवमंदनाच्या आकड्यावर बोट ठेवलं. १० च्या जागी १ पडला होता, शून्य राहून गेलेलं. कंपायलरला १ हाही आकडाच.