पत्रा जाड म्हणजे गाडी सुरक्षित, हा गैरसमज

कोल्हापुरात नवी गाडी पाहायला गेलेला माणूस दारावर बोटाने टकटक करतो आणि आवाज भरीव आला की गाडी सुरक्षित असल्याचा निर्वाळा देऊन टाकतो. हा समज चुकीचा आहे. बाहेरचा पत्रा बहुतांशी आवरणच असतो. धडकेचा भार पेलतो तो आतला पोलादी सांगाडा, आणि बॉनेटखालचा भाग तर मुद्दामच चुरगळेल असा घडवलेला असतो, कारण चुरगळताना तो धडकेची ऊर्जा शोषून घेतो व आत बसलेल्यांना कमी झळ पोहोचते. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांना धडक-चाचणीवरून सुरक्षिततेचे गुण देणाऱ्या कार्यक्रमात समोरची धडक ताशी ६४ किलोमीटर वेगाने तपासली जाते. मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेचे गुण त्यात वेगवेगळे मिळतात. आंबा घाटातून कुटुंबासह उतरणाऱ्याने दोन्ही पाहावेत.